काळं पॅनल

दीपावहिनीचा फोन ब्लाऊजपीसमध्ये गुंडाळून आला. वर मापाचा जुना ब्लाऊज, खाली अस्तराचं कापड आणि मधे तो. तिने पिशवी आईच्या मशीनवर न ठेवता सरळ माझ्या हातात दिली आणि मोठ्याने म्हणाली, "बाह्या जरा ढिल्या ठेवा म्हणावं, मागच्या टायमाला काखंत आवळल्या." तिची सासू गयाबाई बाहेर ओट्यावर आईशी बोलत बसली होती. बाह्यांची कथा तिच्यासाठी होती.

मग आत सरकून वहिनी हळूच म्हणाली, "धुण्याच्या दगडावरून पडला गं. चार्जिंगबी घेईना. नीट व्हईल का?"

मी फोन उलटा केला. मागचं निळं पॅनल पार चुरा झालं होतं, बोटाला काच लागत होती. चार्जिंगच्या खोबणीत साबण जाऊन बसला होता.

"व्हईल. पिन बदलावी लागंल, आन् मागचं पॅनल."

"आत्याबाईला कळू देऊ नको. लगीच म्हणतेत, बायकायला कशाला पाहिजे फोन. आन् हे बघ, सेलूला त्या नदीमभाईच्या दुकानातबी न्यायचा नाही. तूच कर."

"माझ्यापाशीच राहील, वहिनी."

"आईची शपथ घे."

मी घेतली. ती बाहेर गेली आणि जाताजाता पुन्हा एकदा बाह्या ढिल्या ठेवायला सांगून गेली.

आमच्या पिंपळटाकळीतल्या बायका फोन दुरुस्तीला दुकानात देत नसत. सेलूच्या स्टँडवर दुकानं होती, पण तिथली पोरं फोन सुरू झाला की आधी त्यातले फोटो बघतात, असं सगळ्यांचं म्हणणं होतं आणि ते फारसं खोटंही नव्हतं. त्यामुळे बाईचा फोन बंद पडला की तो पेटीत, साड्यांच्या खाली जाऊन पडायचा. नवऱ्याला मनात आलं तर तो नवीन घेऊन द्यायचा, नाही आलं तर संपलं. हे माझ्या फार लवकर लक्षात आलं होतं आणि त्याचा मला गर्वही होता. मी तेव्हा अकरावीला होते. बरोबरीच्या मुली मेंदी आणि पार्लरचे कोर्स करत होत्या, मी चिमटा धरून फोनच्या पोटात डोकं घालून बसायची. गावातली पोरं मला 'इंजिनेर' म्हणून चिडवायची. मी मान ताठ करून जायची, म्हणजे ती अजून चिडवायची.

शिकले ती नदीमभाईंकडे. त्यांच्या बायकोचे कपडे आई शिवायची, त्या ओळखीवर. वडील मी पाचवीत असताना गेले, तेव्हापासून घर आईच्या मशीनवर चाललं होतं. कॉलेज सुटलं की मी स्टँडवरच्या त्यांच्या टपरीत मागच्या स्टुलावर बसायची. नदीमभाई कमी बोलायचे आणि बोलले की त्याच चार गोष्टी पुन्हा सांगायचे. आधी बॅटरीची पट्टी सोडव, मग बाकीचं. गरम हवेचा ब्लोअर एका जागी धरू नको. स्क्रू ज्या क्रमाने काढलास त्याच क्रमाने ठेव. आणि सगळ्यात शेवटी, "बेटा, उघडायचं, जोडायचं, बंद करायचं. आत कुणाचं काय हाय, ते बघायचं नाही. बघितलं तर दिसलं नाही म्हणायचं. ह्या धंद्यात डोळे पाहिजेत, पण तोंड नाही पाहिजे."

मी कॅमेरा तपासायला आमच्या टेबलाचा फोटो काढायची आणि लगेच पुसून टाकायची. दुसऱ्याच्या फोटोंना मी कधी बोट लावलं नाही. हे मी आता सांगतेय, कारण तेव्हा कुणी विचारलंच नाही.

दसऱ्याला दुकान उघडायचं ठरलं होतं. दुकान म्हणजे आमचीच पुढची खोली. आईने वर्षानुवर्षं खिडकीपाशी ठेवलेलं मशीन उचलून आतल्या भिंतीला लावलं, कारण मला उजेड लागणार होता. तिला आता दिवसासुद्धा दिवा लावून सुईत दोरा ओवावा लागायचा. मी काही म्हटलं की म्हणायची, "माझी बोटंच बघतेत आता. तू बस तिथं." सेलूच्या पेंटरकडून बोर्ड करून आणला होता. पत्र्यावर गुलाबी अक्षरं, 'कांचन लेडीज मोबाईल रिपेअरिंग', आणि बाजूला एक कमळ. ते कमळ कुणी सांगितलं नव्हतं, त्याने आपल्या मनानेच काढलं होतं.

एवढी घाई असण्याला कारण होतं. मामाने माझ्यासाठी मानवतकडचं एक स्थळ आणलं होतं. आई त्याला म्हणाली होती, "दसऱ्याला तिचं दुकान उघडायलंय. चाललं तर लग्नाचं नाव काढू नको. नाही चाललं तर तू म्हणशील तिथं." मामा हसला होता. त्याचं ते हसणं मला त्या काळात झोपू देत नव्हतं.

वहिनीच्या फोनची पिन मी बदलली. सोल्डरचा टाका अगदी टिपक्यासारखा बसला. पण निळं पॅनल काही मिळेना. सेलूच्या एकाही दुकानात त्या मॉडेलचं निळं नव्हतं, परभणीहून मागवायचं तर वेळ लागणार होता आणि वहिनी रोज काहीतरी निमित्त काढून येऊन डोळ्यांनीच विचारून जात होती. शेवटी मी काळं बसवलं. कडेने गम लावला, चारी बाजूंनी रबरबँड आवळले, वर आईची कात्री वजन म्हणून ठेवली. जुन्या निळ्या काचेचा चुरा कागदात बांधून उकिरड्यावर टाकला.

शिवलेल्या ब्लाऊजच्या घडीत घालून फोन तिला परत दिला, तेव्हा ती पाठ बघून थबकली.

"काळा?"

"निळं नाही भेटलं, वहिनी."

"असू दे. बरंच झालं, नजर लागणार नाही." फोन सुरू झाल्याचा आवाज आला तसा तिने तो छातीशी धरला. "ह्यांचं तोंड नाही बघितलं गं किती दिस. तिकडं रूमवर समदे दोस्त असतेत, सुट्टी असली की बोलतेत. आता बघ कसं बोलते."

'हे' म्हणजे बालाजीदादा. पुण्याकडे कंपनीत होता, सणाला यायचा. वहिनीचं लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. आमच्यात वयाचं अंतर थोडंच. ती मला वेणीला लावायला मोगरा आणून द्यायची आणि मी तिला रीचार्ज कसा मारायचा ते शिकवायची. त्या दिवशी तिने फोनच्या बदल्यात डबाभर शेंगांच्या पोळ्या दिल्या. वरून स्वतःच बायकांच्या कानाला लागून माझं नाव सांगितलं. मग ब्लाऊजच्या पिशव्यांत फोन येऊ लागले. कुणाचा आवाज येत नव्हता, कुणाचं बटण आत गेलं होतं. आई मापं घ्यायची आणि मी फोन घ्यायची. घरात इतकी माणसं यायला लागली की आई एकदा म्हणाली, "तुहा बाप असता तर ओट्यावर बसून मोजीत राहिला असता." मला वाटलं, झालं. आता मामा हसून दाखव म्हणावं.

घटस्थापना तोंडावर आली होती. मी पुढच्या खोलीला चुना मारत होते, हाताला ब्रश, डोक्याला फडकं. तेवढ्यात ओट्यावरून गयाबाईचा आवाज आला.

"मथुराबाई, भाईर ये. आन् ती तुही इंजिनेर कुठंय, तिलाबी बोलीव."

मी तशीच बाहेर आले. गयाबाई होती, तिची जाऊ होती आणि दोघींच्या मागे दाराच्या कडेला दीपावहिनी. पदर कपाळाच्या खाली ओढलेला.

"काय झालं?" आईने विचारलं.

"काय झालं ते तुह्या लेकीला इचार." गयाबाई म्हणाली. "माह्या सुनंचा फोटू गावभर फिरायलाय. पोरं पारावर बसून बघायलेत. माह्या घराची अब्रू पारावर बसलीय आन् मी हितं उभी हाय."

"कसला फोटू?"

"कसला म्हणजे? सांगायचा असता तर त्याला काय एवढं?" मग ती सुनेकडे वळली. "सांग गं. फोन कुणाकडं दिला व्हता?"

वहिनीने पदर आणखी खाली ओढला.

"बोल की! तवा चोरून द्यायला तोंड व्हतं ना?"

"हिच्याकडं," वहिनी म्हणाली.

"आजून कुणाकडं?"

"कुणाकडंच नाही. हिच्याकडंच."

मला पहिल्यांदा काही समजलंच नाही. चुन्याचं पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं, ते मी पुसत राहिले. मग म्हणाले, "बघू मला."

"काय बघायचंय तुला? तूच तर काढला त्यातून!"

"बघू द्या मला, काकू."

गयाबाईच्या जावेने तिचा फोन माझ्यापुढे धरला. फोटो कपाटाच्या आरशासमोर काढलेला होता. वहिनी होती, केस मोकळे होते, अंगावर पदर नव्हता. त्यापुढे मी काही सांगणार नाही. मी तो एकदा पाहिला. मग सवयीने दोन बोटं लावली आणि मोठा करून पाहिला.

"बघा, बघा!" जाऊ ओरडली. "मोठा करून बघायली! हिला काही लाजशरम?"

तिने फोन ओढून घेतला. पण मला जे दिसायचं ते दिसलं होतं. त्या तिघींपैकी दोघींना ते दिसलं नव्हतं आणि आयुष्यात दिसलं नसतं. तिसरीला ठाऊक होतं. मी मान वर करून वहिनीकडे पाहिलं. तिनेही पदर थोडा वर करून माझ्याकडे पाहिलं, एकदाच. तिचे हात पोटावर होते आणि बोटं एकमेकांत अशी आवळलेली होती की नखं पांढरी पडली होती.

माझ्या तोंडाशी शब्द आलेला होता. अगदी जिभेवर होता. तो मी गिळला.

"मी काही केलं नाही," एवढंच म्हणाले.

"मग कोण केलं? सांग की! नाव घे!"

मी नाव घेतलं नाही.

"बघ मथुराबाई, तोंड बंद झालं तुह्या लेकीचं. मी पोलिसांत गेले असते, पण त्यात माह्याच घराचं नाक कापलं जातंय. एक ध्यानात ठेव, ह्या घरात आता बाईमाणसाचा फोन येणार नाही. कापडबी येणार नाही."

त्या गेल्या. वहिनी सगळ्यात मागे, वाकून, सासूच्या चपलांकडे बघत चालली होती. आईने दार लावलं आणि मला विचारलं, "तू केलंस का?"

"नाही."

"माह्या गळ्याला हात लावून सांग."

मी लावला. तिच्या गळ्याची शीर माझ्या बोटांखाली उडत होती.

"मग बोलली कामून नाहीस? गप कामून बसलीस?"

आईने मला मारलं. वडील गेल्यापासून तिने माझ्यावर हात उगारला नव्हता. मारून ती स्वतःच रडत बसली आणि मी अर्ध्या चुन्याच्या भिंतीपाशी उभी राहिले.

मग बायका आल्या, एकेक करून. कुणी भांडलं नाही. "ते कापड आजून कापलं नसलं तर दे बाई, सध्या घाई नाही," असं म्हणायच्या आणि न शिवलेले ब्लाऊजपीस घेऊन जायच्या. ज्यांचे फोन माझ्याकडे होते त्यांनी ते उघडे, अर्धवट, स्क्रूच्या पुड्यांसकट नेले. एकीने तर माझ्यासमोर फोन पदराने पुसून घेतला. मशीनचा आवाज थांबला. मला आयुष्यभर त्या आवाजाचा कंटाळा होता, तो थांबल्यावर घर खायला उठलं.

नदीमभाई स्वतः आले. त्यांनी मला वापरायला दिलेला जुना ब्लोअर टेबलावर होता. मी तो उचलून त्यांच्या हातात द्यायला लागले.

"ठेव," ते म्हणाले.

"घेऊन जा, भाई. तुमच्या दुकानाचं नाव खराब होईल. तुम्हीच शिकवलं म्हणतेत लोक."

"म्हणतेत ते खरंच हाय, मीच शिकवलं." ते थोडा वेळ त्या ब्लोअरच्या वायरीला गाठ मारत बसले. "मी तुला इचारणार नाही बेटा. तू काही बघितलं असशील तर तू सांगणार नाहीस, आन् सांगितलं तर मी शिकवलेलं पाण्यात गेलं. म्हणून इचारतच नाही." दारात जाऊन ते परत वळले. "पण माझा धंदा हाय. तू थोडे दिवस तिकडं येऊ नको."

ब्लोअर त्यांनी नेला. मला वाटलं होतं, नाही म्हणतील.

दीपावहिनी आली ती दुपारी, मागच्या दाराने, शेण्या न्यायच्या निमित्ताने. टोपलं खाली ठेवून ती उंबऱ्यातच बसली आणि एकदम म्हणाली, "तुला दिसलं ना?"

"दिसलं."

"काय दिसलं?"

"तुमच्या हातातला फोन आरशात दिसला. मागून. काळं पॅनल होतं." माझा आवाज चढला. "मी बसवलेलं काळं पॅनल, वहिनी. माझ्याकडं आला तवा फोन निळा होता. मी परत दिला तवा काळा झाला. तुम्ही फोटू काढला तो फोन घरी नेल्यावर काढला. माझ्यापाशी असताना तो फोटू दुनियेत नव्हता!"

"हळू बोल. हळू बोल गं, पाय धरते."

"कुणाला पाठवला होता?"

ती टोपल्यातली शेणी उगाच तोडत राहिली. मग म्हणाली, "ह्यांना. दुसऱ्या कुणाला पाठवीन मी? फोन नीट झाला तसं मागंच लागले. फोटू पाठव, फोटू पाठव. मी नाही म्हणलं तर बोलायचेच बंद झाले. फोन उचलंनात. म्हणायले, माह्यावर भरवसा नाही तर कशाला नांदतीस. मग पाठवला. एकच पाठवला, कांचन. रूमवर दोस्तांला दाखवला आसंल, नाहीतर त्यांनी घेतला आसंल काढून. मला काय माहीत."

"मग त्याला विचारा!"

"इचारलं की. मलाच म्हणले, तू फोन कुठं दिला व्हता? रिपेअरला? मग झालं तर. त्या पोरीचं नाव घे." तिने डोळे पुसले नाहीत, ते तसेच वाहत होते. "मी नाही म्हणले. तर म्हणले, मग मी सांगतो आईला का हिनं दुसऱ्या कुणाला पाठवला म्हणून. सांग, कोणावर इस्वास ठेवतेन लोक? माह्यावर?"

"आणि माझं दुकान?"

"तू शिकलेली हायेस. तू कुठंबी उघडशील." मग तिने माझा हात धरून आपल्या पोटावर ठेवला. "मला दिवस गेलेत. आत्याबाईला बी आजून सांगितलं नाही. मला आत्ता घराभाईर काढलं तर मी कुठं जाऊ? माझा भाऊ एका खोलीत राहातो, चार लेकरं घेऊन. तू एकदा बोललीस का माझं संपलं."

मला तिचा इतका राग आला होता की तिचा हात झटकून टाकावा, केस धरून पारावर न्यावं आणि सगळ्यांना तो फोटो मोठा करून दाखवावा. पॅनल बघा म्हणावं, पॅनल. मी खरंच उठलेही होते.

"बस खाली," आई म्हणाली.

ती आतल्या खोलीत मशीनपाशी होती. काम नव्हतं, नुसती बसली होती, आणि आम्ही दोघी ते विसरलो होतो. ती तांब्या घेऊन बाहेर आली, वहिनीला पाणी दिलं आणि ती पिऊन होईपर्यंत उभी राहिली.

"जा बाई घरी. शेण्या घेऊन जा, नाहीतर इचारतेन. कांचन बोलणार नाही."

"आई!"

"बोलणार नाहीस."

"आई, तुला माहितेय ना आता? मी काही केलं नाही. बोर्ड केलाय आपण. मामा—"

"बोर्ड पत्र्याचा हाय," आई म्हणाली. "ती पोटुशी हाय."

वहिनी आईच्या पायाशी वाकली आणि टोपलं घेऊन गेली. ती गल्लीच्या वळणावर दिसेनाशी झाल्यावर आई परत आत जाऊन मशीनवर बसली. सुईत दोरा नव्हता, खाली कापड नव्हतं, तरी ती पायाने चाक फिरवत राहिली. मला तेव्हा आईचा जितका तिटकारा आला तितका जन्मात कुणाचा आला नाही.

दसऱ्याला आम्ही मशीनची पूजा केली. माझा चिमटा आणि स्क्रूड्रायव्हर आईने शेजारी मांडले होते, ते मी उचलून डब्यात टाकले. बोर्ड पुढे कोंबड्यांच्या खुराड्यावर छत म्हणून गेला, अक्षरं खालच्या बाजूला करून. मामा दिवाळीला आला. हसला नाही, उलट फार मायेने वागला. त्याने पोराकडच्यांना आधीच सगळं सांगितलं होतं आणि तरीही ते तयार आहेत, हे त्याने आईला दोनदा ऐकवलं. उन्हाळ्यात माझं लग्न झालं.

दीपावहिनी बाळंतपणाला माहेरी गेली होती, माझ्या लग्नाला ती नव्हती. मुलगी झाली. मुलगी वर्षाची होत आली तरी वहिनीला आणायला कुणी गेलं नाही. तिचा भाऊ एकदा येऊन गयाबाईच्या ओट्यावर बसून गेला. गयाबाईने त्याला चहा दिला आणि सांगितलं की असला फोटो गावभर फिरलेली बाई बालाजीला नको आहे, त्यालाही चार लोकांत तोंड दाखवावं लागतं. भावाने काय उत्तर दिलं ते आईला कळलं नाही, त्याने चहा घेतला नाही एवढं तिने पाहिलं. हे तिने मला फोनवर सांगितलं. फोन तिने ठेवला का, मी ठेवला, आठवत नाही.

माझा नवरा वाईट नाही. माझा फोन बिघडला की तोच दुकानात नेऊन दुरुस्त करून आणतो.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी मी पंचमीला माहेरी आले होते. आईला आता नीट दिसत नाही, पण गाव विसरलं तशी थोडीफार कापडं परत यायला लागली होती. ती फॉल-पिको करत होती, मी ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. एक नवी नवरी पिशवी घेऊन आली. हातात हिरवा चुडा, चपला कोऱ्या. बालाजीने दुसरं लग्न केल्याचं मला माहीत होतं, पण तिला मी पाहिलं नव्हतं.

"कांचनताई तुम्हीच ना?"

"हो."

तिने इकडेतिकडे पाहिलं आणि पिशवीतून ब्लाऊजपीस काढलं. त्याची घडी उलगडायच्या आधीच मला आतलं वजन कळलं.

"तुम्हाला येतंय म्हणे नीट करायला. कॅमेऱ्याची काच फुटलीय. हे सारखं म्हणतेत फोटू पाठव, फोटू पाठव, आन् कॅमेऱ्यात समदं धुकं दिसतंय. रुसून बसलेत तिकडं."

मी फोन हातात घेतला. नुसती वरची काच होती. गरम करायची, नखाने उचलायची, नवी चिकटवायची. इतक्या वर्षांनी माझ्या अंगठ्याने आपोआप त्या काचेची कड शोधली. आत आईचं मशीन थांबलं.

"राहू दे तसाच," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"बिघडलेलाच राहू दे. नीट करू नको. आणि झालाच नीट कधी, तरी त्यांना फोटू पाठवू नको."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरचं नवखेपण हळूहळू गेलं आणि तिथे गयाबाईची नजर आली.

"हे तुम्ही सांगायलात मला?" ती म्हणाली. "आत्याबाईनं समदं सांगितलंय मला. तुमच्यापायी त्या पहिल्या बाईचा संसार मोडला. माझ्या फोनात फोटूच नाही, म्हणून आणला तुमच्याकडं. नाहीतर आणला असता का?"

मी बोलायला तोंड उघडलं. पॅनल काळं होतं, असं मला म्हणायचं होतं. पण ते आधी निळं होतं हे आता कुणाला माहीत होतं?

तिने माझ्या हातातून फोन काढून घेतला, ब्लाऊजपीसमध्ये गुंडाळला आणि ओटा उतरली. आतून आईने हाक मारली, "अगं, माप तरी देऊन जा." तिने वळून पाहिलं नाही. मला वाटलं ती घरी जाईल. ती पाराला वळसा घालून सेलूच्या रस्त्याला लागली.